बाईंची राहिलेली सहल: निघोज, वेरूळ, लोणार

बाई डिसेंबरात गेल्या. वय झालं होतं, आजारी पण होत्या, तरी शाळेच्या ग्रुपवर बातमी आली तेव्हा कुणाला काय लिहावं सुचेना म्हणून सगळ्यांनी तेच ते लिहिलं, भावपूर्ण श्रद्धांजली आणि हात जोडलेले. मग कुणीतरी शोकसभेचं काढलं, हॉल बघू, फोटो मोठा करून घेऊ, प्रत्येकाने तीन मिनिटं बोलायचं वगैरे. त्यावर मास्तरने (आमच्यातला हा एकटाच पुढे शिक्षक झाला म्हणून हे नाव, शाळेत असताना ह्याचा आणि अभ्यासाचा फारसा संबंध नव्हता) एवढंच टाकलं, "राहिलेली सहल काढूया का?"

राहिलेली सहल म्हणजे काय ते आमच्या वर्गात कुणालाच वेगळं सांगावं लागत नाही. बाई भूगोल शिकवायच्या आणि दरवर्षी निघोज, वेरूळ, लोणार अशा सहलीचा अर्ज द्यायच्या. दरवर्षी तो नामंजूर व्हायचा. कधी खर्च जास्त होतोय, कधी मुली आहेत, मुक्काम नको, आणि मग आम्ही सगळे बसमधून कुठल्यातरी बागेत जाऊन भेंड्या खेळून परत यायचो. पुढच्या वर्षी बाई परत अर्ज द्यायच्या, तोच मार्ग, तोच क्रम. वेरूळच्या जागी अजिंठा का नाही असं एकदा कुणीतरी विचारलं होतं तर म्हणाल्या, अजिंठ्याला चित्रं बघत बसाल, मला तुम्हाला दगड दाखवायचाय.

तर ग्रुपवर होकार भरपूर आले आणि प्रत्यक्ष गाडीत बसलो पाच जण. मास्तर, त्याची बायको म्हणजे आमच्या वहिनी (त्याही आमच्याच शाळेतल्या, दोन वर्षं मागच्या), डॉक्टरीण, मी आणि अण्णा. अण्णा येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. खतं-बियाण्यांचं दुकान, घरची शेती, वेळ कुठाय त्याला, आणि शिवाय सगळे बाईंबद्दल भरभरून लिहीत होते तेव्हा ह्या एकट्याने काहीच लिहिलं नव्हतं, साधे हात जोडलेले पण नाहीत. पण पहाटे सगळ्यांच्या आधी येऊन उभा होता, कानटोपी घालून.

शुक्रवार

पुण्यातून लवकर निघालो म्हणून नगर रस्त्याला गर्दी त्यामानाने कमी लागली. वाघोली आलं की मला बाईंचा पत्र्याचा डबा आठवतो. त्यात कापसात गुंडाळलेले दगड असायचे, स्टिल्बाइट, स्फटिक, कसले कसले पांढरे-गुलाबी खडे, आणि तो डबा वर्गात फिरायचा तेव्हा प्रत्येकाने दगड हातात घेऊन वास घ्यायचा असा नियम होता, का ते अजून कळलेलं नाही. वाघोलीच्या खाणी जगभरात प्रसिद्ध आहेत त्या कॅव्हन्साइट नावाच्या गडद निळ्या खनिजासाठी. ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर पसरले, थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या, आणि नंतर त्या पोकळ्यांमध्ये पाण्याबरोबर आलेले क्षार साठून हे स्फटिक वाढले. बाईंच्या डब्यात निळा खडा कधीच नव्हता. "निळा अजून मिळायचाय" असं त्या दरवर्षी सांगायच्या. मास्तर म्हणाला की आता ऑनलाइन मिळतो, आपण एक घेऊन द्यायला हवा होता. मग शिरूर येईपर्यंत कुणी फार बोललं नाही.

शिरूरवरून आत वळलं की अर्ध्यापाऊण तासात कुकडी नदी येते. पलीकडे निघोज, पारनेर तालुका, अलीकडे टाकळी हाजी, शिरूर तालुका, म्हणजे नदी ओलांडली की जिल्हाच बदलतो. काठावर मळगंगा देवीचं देऊळ आहे, लोक मुख्यतः देवीला येतात आणि मग जाता जाता खळगे बघतात.

आणि ते खळगे म्हणजे, मी फोटो खूप पाहिले होते पण फोटोत आकार कळत नाही. नदीचं अख्खं पात्र काळ्या कातळाचं, आणि त्या कातळात रांजण कोरून काढल्यासारखी भोकं, काही वाटीएवढी, काही इतकी मोठी की आत माणूस उभा मावेल, एकमेकांत घुसलेली, मधल्या भिंती पातळ होऊन फुटलेल्या, कडा इतक्या गुळगुळीत की हात फिरवत बसावंसं वाटतं. मधून नदी एका अरुंद चिरेतून वाहते. फेब्रुवारी होता त्यामुळे पाणी कमी होतं आणि सगळं मोकळं दिसत होतं. पावसाळ्यात कृपया इथे खाली उतरू नका, कातळ निसरडा असतो आणि चिरेत पाण्याला भयंकर ओढ असते.

हे कसं झालं ते बाईंनी आम्हाला बादलीभर पाणी आणि मूठभर वाळू घेऊन वर्गात दाखवलं होतं, अख्खा वर्ग ओला झाला होता. प्रवाहात भोवरा तयार होतो, भोवऱ्यात गोटे सापडतात, ते गोल गोल फिरत कातळ घासतात, छोटा खळगा होतो, मग त्या खळग्यातच गोटे अडकतात आणि अजून जोरात घासतात. म्हणजे एकदा सुरुवात झाली की खळगा स्वतःच स्वतःला खोल करत जातो. गंमत म्हणजे काही खळग्यांच्या तळाशी ते गोटे अजून पडलेले दिसले, घासून घासून स्वतःच गोल झालेले. डॉक्टरीण पालथी पडून त्यांचे फोटो काढत होती आणि मंदिरात आलेल्या दोन आजी तिच्याकडे काळजीने बघत होत्या.

तिथेच कातळावर बसून मास्तरने तो प्रश्न म्हणून दाखवला. नववीची सहामाही, शेवटचा प्रश्न. "एकाच खडकावर पाणी, माणूस आणि आकाशातून आलेला दगड यांनी काय काय केले ते उदाहरणांसह लिहा. गुण १०." पुस्तकात असला प्रश्न कुठेच नव्हता. पालकांच्या तक्रारी पण आल्या होत्या म्हणे. सहल मंजूर झाली नाही तर बाईंनी ती पेपरात काढली, हे तेव्हा कळलं नव्हतं, तिथे बसल्यावर एकदम लख्ख कळलं. पाणी म्हणजे निघोज, माणूस म्हणजे वेरूळ, आकाशातला दगड म्हणजे लोणार.

"मला साडेसात होते," डॉक्टरीण.

"मी लिहिलाच नव्हता, वेळ पुरला नाही," मास्तर.

अण्णा गोटा पाण्यात फेकत म्हणाला, "मला अडीच." आणि उठून गाडीकडे गेला.

रात्री छत्रपती संभाजीनगरला मुक्काम. लॉज बरा होता, गरम पाणी सकाळी देऊ म्हणाले ते दिलं नाही, सोडून द्या.

शनिवार

आधी दौलताबाद. हा कार्यक्रमात नव्हता, बाईंच्या अर्जात पण नव्हता, पण रस्त्यातच आहे आणि वहिनींना बघायचा होता. देवगिरी यादवांची राजधानी, १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने दिल्लीहून राजधानी इथे आणली, हे सगळं आपण इतिहासात वाचलेलं असतं. पण बाईंच्या मुलांनी हा किल्ला बघायचा तो वेगळ्याच नजरेने, की अख्ख्या डोंगराच्या खालच्या बाजू तासून उभ्या भिंतीसारख्या केल्यात. चढायला फट म्हणून ठेवलेली नाही. भोवती खंदक, तोही कातळातच कोरलेला, आणि आत जायला एकच वाट, ती पुढे अंधारीतून, म्हणजे काळोख्या भुयारातून जाते. अंधारीत मोबाईलचे टॉर्च लावून सगळे चाललेले, वटवाघळांचा वास, पाय कुठे पडतोय दिसत नाही आणि मागून एक मुलगा सारखा भूत भूत करत होता.

वर पोचल्यावर दम लागला होता म्हणून जरा टेकलो आणि मास्तरने सवयीने विचारलं, उत्तर कुठेय? आम्ही तिघांनी एकदम बोट दाखवलं, एकाच दिशेला. वहिनींनी पण! मग सगळे हसलो. बाई नकाशा भिंतीला लावायच्या नाहीत. भिंतीला लावलात की उत्तर म्हणजे वर असं डोक्यात बसतं, मग मुलं म्हणतात गंगा खाली वाहते, असं त्यांचं म्हणणं. त्या बाक मागे सरकवायला लावायच्या, मेणकापडाचा नकाशा जमिनीवर अंथरायचा, वर्गाच्या खऱ्या उत्तरेला नकाशाची उत्तर करून, आणि मग चपला काढून त्याच्याभोवती बसायचं. कोयना शोधायची तर गुडघ्यावर रांगत जायचं. माझ्या डोक्यात आजही कुठल्याही खोलीत गेलं की आधी उत्तर कुठे ते ठरतं, नवरा ह्याला आजार म्हणतो.

वेरूळला पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं आणि शनिवार असल्यामुळे शाळांच्या सहली, फॅमिल्या, भरपूर गर्दी. (मंगळवारी वेरूळ बंद असतं, अजिंठा सोमवारी, हे प्लॅन करताना बघून घ्या.) एकूण ३४ लेणी, १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन, सगळी एकाच डोंगराच्या उतारावर ओळीने. सगळं बघायचं तर दोन दिवस लागतील. आम्ही दहावं लेणं बघितलं, आतमध्ये छताला दगडाच्याच बरगड्या कोरल्यात, लाकडी वाशांची नक्कल, आणि मग सरळ सोळावं.

कैलास लेण्याबद्दल मी काय लिहिणार. पण बाईंची युक्ती सांगते, समोरून आत जायच्या आधी बाजूने डोंगरावर चढून वरून खाली बघायचं. त्या म्हणायच्या, समोरून बघितलंत तर तुम्हाला देऊळ दिसेल, वरून बघितलंत तर खड्डा दिसेल. अगदी तसंच आहे. वरून दिसतं की ही बांधलेली गोष्ट नाहीये, डोंगरात चर खणून मधला एक प्रचंड ठोकळा सुटा केलाय आणि तो कळसापासून खाली कोरत आणलाय. अंगण सुमारे ८२ मीटर लांब आणि ४६ मीटर रुंद, मागची कातळाची भिंत ३० मीटरच्या वर उंच. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात मुख्य काम झालं असं मानतात. वरून खाली काम असल्यामुळे परांची बांधायची गरज नाही, पण चुकलं की चुकलं, तुकडा परत लावता येत नाही. कळस कोरणाऱ्याला खाली हत्ती कुठे येणार हे आधीच माहीत असलं पाहिजे.

आमच्या डॉक्टरीणबाई तिथे जरा हळव्या झाल्या. दहावीनंतर तिच्या वडिलांनी शिक्षण बंद करायचं ठरवलं होतं, बाई सलग आठवडाभर संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन बसायच्या, शिक्षणाचा विषयच काढायच्या नाहीत, चहा घ्यायच्या, पावसापाण्याचं बोलायच्या आणि उठायच्या. शेवटी वडीलच म्हणाले, घाला बाई तिला पुढे, पण तुम्ही रोज येऊ नका. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. मास्तर म्हणाला, माझ्याकडे तर त्या कधी साध्या बघून हसल्या पण नाहीत. मी म्हटलं, माझ्याशी तर खूप बोलायच्या. आणि मग तिथेच, कैलासाच्या डोक्यावर, आमचं चक्क भांडण सुरू झालं की बाई कडक होत्या की प्रेमळ. डॉक्टरीण म्हणे देवमाणूस. मास्तर म्हणे पट्टीने बोटांवर मारायच्या, तुम्हा मुलींना काय माहीत. मी म्हटलं मुलींनाही मारायच्या. अण्णाला विचारलं तर म्हणाला, "तुमचं चालू द्या. मी खाली हत्ती बघून येतो."

संध्याकाळी लॉजवर आल्यावर मास्तर मला म्हणाला, अण्णाचं काहीतरी आहे. मी म्हटलं, असेल तर सांगेल, चार दिवस गाडीत बसायचंय.

रविवार

जालना मार्गे निघालो. समृद्धीने जायचं की जुन्या रस्त्याने यावर थोडं झालं, शेवटी सिंदखेडराजाला थांबायचंच होतं. जिजाऊंचं जन्मस्थान, १२ जानेवारी १५९८, लखुजीराव जाधवांचा राजवाडा. महिन्याभरापूर्वीच जयंतीची गर्दी होऊन गेलेली, आम्ही गेलो तेव्हा शांत होतं. तिथे वहिनींनी छान फोटो काढले. फार वेळ थांबलो नाही, सगळ्यांचं लक्ष लोणारकडे.

लोणारला पोचताना काहीच कळत नाही. सपाट शेतं, गाव, दुकानं, आणि एकदम जमीन संपते. कडेवर उभं राहिलं की समोर जवळजवळ १.८ किलोमीटर व्यासाचं गोल विवर, साधारण दीडशे मीटर खोल, आत गर्द झाडी आणि मध्ये हिरवट पाणी. पाचही जण एक मिनिट काही बोललो नाही आणि मग सगळे एकदम बोलायला लागलो.

बाई शिकवायच्या तेव्हा वर्गात खडूने गोल काढून थांबायच्या आणि विचारायच्या, हे ज्वालामुखीचं तोंड कशावरून नाही? बरोबर प्रश्न आहे, कारण आजूबाजूला सगळा लाव्हाच. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने ह्याची नोंद केली, आणि त्यानंतर कित्येक वर्षं लोक हे ज्वालामुखीचंच काम समजत होते. १९७३ मध्ये शास्त्रज्ञांनी इथल्या दगडात आघाताच्या खुणा दाखवल्या, प्रचंड दाबाने स्फटिकांची काच झालेली, तसली काच साध्या ज्वालामुखीत होत नाही. बेसॉल्टमध्ये, म्हणजे लाव्हा थंड होऊन झालेल्या ह्या काळ्या दगडात, झालेली अशी विवरं पृथ्वीवर अगदी मोजकी आहेत, म्हणून चंद्र-मंगळाचा अभ्यास करणारे लोक इथे येतात. वयाचं मात्र अजून भांडण आहे. बाईंनी आम्हाला सुमारे ५० हजार वर्षं शिकवलं, तेव्हा तेच होतं. नंतर वेगळ्या पद्धतीने मोजलं तर ५ लाख ७० हजार आलं. बाई रिटायर झाल्यावर मी त्यांना हे फोनवर सांगितलं होतं, तर त्या इतक्या खूश झाल्या की जणू त्यांचंच वय कमी निघालंय. म्हणाल्या, म्हणजे माझ्या सगळ्या वर्गांचं उत्तर चुकलं, लिही लिही सगळ्यांना.

दुपार कलल्यावर गाईड घेऊन खाली उतरलो. अभयारण्य आहे त्यामुळे दगड, पान, काही उचलायचं नाही, गाईडने आधीच बजावलं आणि डॉक्टरीणकडे बघून परत बजावलं. वाटेत मोर दिसले, लंगूर तर भरपूर. खाली पाण्याजवळ एक उग्र वास येतो, काठावर पांढरट क्षारांचा थर. पाणी खारं आणि अल्कधर्मी, पीएच दहाच्या आसपास, असल्या पाण्यात मासे सहसा तग धरत नाहीत, सूक्ष्म जीव मात्र भरपूर. २०२० च्या जूनमध्ये तळं गुलाबी झालं होतं ते अशाच खारं पाणी आवडणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे, त्याच वर्षी रामसर यादीतही (जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची यादी) आलं. काठाने जुनी देवळं आहेत, काही पार मोडकळीला आलेली, झाडांच्या मुळांनी धरून ठेवलेली.

परत चढताना अण्णा मागे राहिला. बघितलं तर विवराच्या उघड्या पडलेल्या भिंतीसमोर उभा. मी म्हटलं, काय रे, दमलास? तर हाताने दाखवलं. काळ्या कातळाचे थर एकावर एक, आणि मध्ये एक तांबडा पट्टा.

"हे काय आहे?"

गाईड म्हणाला, दोन लाव्हांच्या मधला थर. एक लाव्हा आला, थंड झाला, मग पुष्कळ काळ काहीच आलं नाही, तेवढ्यात वरचा दगड ऊन-पावसाने झिजून त्याची माती झाली, मग पुढचा लाव्हा आला त्याच्याखाली ती भाजून निघाली.

"म्हणजे मातीच ना," अण्णा म्हणाला. "मग बरोबर आहे माझं."

आणि मग तिथे चढावर, सगळ्यांना धाप लागलेली असताना, त्याने सांगितलं. नववीत असताना त्यांच्या शेतात विहिरीचं काम चालू होतं. बाईंना कळलं तशा त्या त्याच्या वडिलांना भेटल्या आणि अख्खा वर्ग घेऊन तिथे गेल्या, हे आम्हाला सगळ्यांना आठवत होतं, यारीने मलबा वर यायचा, सुरुंगाच्या आधी आम्हाला लांब पळवलं होतं. विहीर त्याची होती हे मात्र माझ्या डोक्यातून गेलं होतं. वर परसभर, म्हणजे माणसाच्या उंचीएवढी, काळी माती, खाली मुरूम, त्याच्याखाली फुटका दगड आणि मग कातळ. बाईंनी एकेक थर दाखवला. ह्याने पेपरात तेच लिहिलं. पाण्याने, माणसाने, आकाशातल्या दगडाने काय केलं ते दोन-दोन ओळींत उरकलं आणि मग सव्वा पान लिहिलं की ह्याच खडकाची ऊन-पावसाने माती झाली, त्यात कापूस येतो, ज्वारी येते, आणि बाकी तिघांनी केलं त्यापेक्षा हे मोठं काम आहे. बाईंनी त्या सव्वा पानावर तांबडी तिरकी रेघ मारली आणि खाली लिहिलं, "प्रश्नाला धरून नाही." दहापैकी अडीच.

"माझ्याच विहिरीवर नेऊन," अण्णा म्हणाला. "वडलांना दाखवायला नेला होता मी तो पेपर. ते म्हणले, बाई चुकल्या. पण जाऊन सांगू नको."

डॉक्टरीण काहीतरी समजुतीचं बोलायला गेली, मी तिला डोळ्यांनी थांबवलं. मास्तर पण गप्प. खरं सांगायचं तर माझंही मत अण्णाच्या वडिलांसारखंच झालं. बाई चुकल्या होत्या. माणूस गेल्यावर हे म्हणायला जीभ रेटत नाही एवढंच.

सोमवार

सकाळी दैत्यसूदन मंदिर. लवणासुराला विष्णूने मारलं ती कथा, तळ्याचं पाणी खारं का त्याचं लोकांनी दिलेलं उत्तर. देऊळ मात्र फारच सुंदर आहे, बाहेरच्या भिंतींवरची शिल्पं बघायला वेळ काढून जा, आम्ही घाई केली. मग गोमुखाची धार, विवराच्या कडेलाच, बारमाही गोडं पाणी. एवढ्या खाऱ्या तळ्याच्या डोक्यावर गोडं पाणी कसं, तर ते भूजल आहे, कातळाच्या फटींतून येणारं.

नऊ-साडेनऊला परतीला लागलो. मंठ्याच्या बाजूने आलो. दोन्हीकडे काळी शेतं, हरभरा काढणीला आलेला, कुठे कापसाच्या पऱ्हाट्या उपटून ढीग लावलेले. अण्णा पुढे बसला होता आणि कुठल्या शेतात काय चुकलंय ते सांगत होता, म्हणजे मूड बरा होता.

वहिनी मागे माझ्याशेजारी होत्या. आदल्या संध्याकाळपासून जरा गप्पच होत्या, मला वाटलं चढून दमल्या असतील. मध्येच म्हणाल्या, "अण्णा भाऊजी, तुमची विहीर ओढ्याच्या पलीकडे, चिंचेजवळची का?"

"हो. तुम्हाला कसं माहीत?"

"आम्हाला पण नेलं होतं बाईंनी. तेव्हा बांधून झाली होती, वरून वाकून बघितली आम्ही." जरा थांबल्या. "बाई म्हणाल्या होत्या की ह्या विहिरीच्या मालकाच्या मुलाने पेपरात मातीचं लिहिलं, मी त्याचे मार्क कापले, पण माझा प्रश्नच अपुरा होता. मुलाचं नाव नाही घेतलं त्यांनी. आणि सहामाहीला आम्हाला जो प्रश्न आला ना, त्यात पाणी, माणूस, आकाशातला दगड आणि ऊन-पाऊस, असे चार होते."

मास्तरने गाडीच बाजूला घेतली.

"तू मला हे कधी सांगितलं नाहीस?"

"तुमचा प्रश्न तीनचा होता हे मला शुक्रवारी निघोजला कळलं. आणि ती विहीर अण्णा भाऊजींची, हे काल. रात्रभर तोच विचार करत होते की सांगू की नको."

अण्णा पुढे बघत होता. मग म्हणाला, "मला सांगायचं होतं की मग. त्या पेपरानंतर दीड वर्ष शाळेत होतो मी. रोज समोर होतो."

ह्यावर कुणाकडे काय उत्तर असणार. मास्तरने तरी प्रयत्न केला, एकदा मार्क रजिस्टरवर चढले, बेरजा झाल्या की बदलणं किती कटकटीचं असतं, मुख्याध्यापकांची सही लागते, मी स्वतः दोनदा सोडून दिलंय असं काहीतरी. अण्णा म्हणाला, "मार्कांचं नाही रे. नुसतं सांगायचं." आणि लगेच वळून, "वहिनी, त्या ऊन-पावसाच्या भागाला मार्क किती होते?"

"अडीच. चार भाग, प्रत्येकी अडीच."

"तुम्हाला किती पडले?"

वहिनींनी मास्तरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "अडीच."

"पैकीच्या पैकी! माझ्या विहिरीवर!" अण्णा एवढ्या मोठ्याने ओरडला की बाजूने चाललेला बैलगाडीवाला थांबून बघायला लागला. "म्हणजे माझं उत्तर बरोबर, मार्क तुम्हाला. आता पुण्यापर्यंतचा सगळा चहा तुमच्याकडे."

वहिनी म्हणाल्या चालेल, पण डॉक्टरीणने आक्षेप घेतला की मग तिच्या साडेसातातले पण काही कमी करा, तिने मातीचं एक अक्षर लिहिलं नव्हतं. त्यावरून जालन्यापर्यंत हिशोब चालला होता.